कॅमेलिऑनच्या जाळीच्या पिंजऱ्याबाहेर उडणारे पाणी कसे आवरावे

कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, वाटीत साचलेल्या पाण्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. पानावर थेंब लोंबतो, हलतो, उजेडात चमकतो, तेव्हा तो त्याला पाणी म्हणून ओळखतो आणि चाटतो. त्यामुळे हा प्राणी पाळणाऱ्याला पिंजऱ्यात रोज तुषार उडवावेच लागतात, आणि हवा खेळती राहावी म्हणून पिंजराही जाळीचाच घ्यावा लागतो. अडचण इथूनच सुरू होते, कारण ज्या जाळीतून हवा आत येते तिच्यातूनच पाणी बाहेर जाते. काही महिन्यांत मागच्या भिंतीच्या डिस्टेंपरला पोपडे येतात, शेजारच्या कपाटाच्या प्लायची कड फुगते, फरशी कायम निसरडी राहते आणि घरातली मंडळी त्या मुक्या जिवाकडे रागाने पाहू लागतात.

खानदेशात हा प्रश्न आणखी चिघळतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. हवा इतकी कोरडी पाहून पाळणारा धास्तावतो आणि तुषारांचा वेळ वाढवतो. वेळ वाढला की बाहेर जाणारे पाणी वाढते. मग तो पिंजऱ्याला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतो आणि हवाच कोंडून टाकतो. प्लॅस्टिकपासून सुरुवात करणे हे उलटे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी तुषार जिथून निघतात तिथेच ते कमी करावेत आणि वळवावेत. त्यानंतर जे थोडे पाणी जाळीपर्यंत पोहोचते त्याला तळाकडे नेणारा पडदा लावावा. आणि तळाशी आलेल्या पाण्याला निचऱ्याची वाट करून द्यावी. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने आहे. मोजमापे प्रौढ कॅमेलिऑनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच पिंजऱ्याची धरली आहेत.

आधी कायद्याचे थोडके. आपल्या रानात, बांधावरच्या बोरी-बाभळींवर दिसणारा घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. पाळण्यासाठी ठेवले जाणारे येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड कॅमेलिऑन आणि मादागास्करमधील पँथर कॅमेलिऑन हे दोन्ही आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करावी लागते. प्राण्याची कागदपत्रे नीट असतील तरच पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे.

पाणी नेमके कुठून जाते ते आधी पाहावे

पडदा कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवू नये. प्राण्याला काही वेळ सुरक्षित जागी हलवावे, पिंजऱ्याच्या चारही बाजूंना बाहेरून जुन्या वर्तमानपत्राची पाने कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवावीत, खाली फरशीवरही पाने पसरावीत आणि रोजच्याइतकाच वेळ तुषार सोडावेत. पंप बंद झाल्याबरोबर पाने काढून उजेडात पाहावीत. उशीर झाला तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत बारीक ठिपके वाळून जातात आणि पुरावाच नाहीसा होतो.

कागदावर तीन प्रकारच्या खुणा दिसतात आणि तिन्हींचे कारण वेगळे असते. ठळक, गोल, एकाच पट्ट्यात दाटलेले ठिपके म्हणजे नोझलचा झोत थेट जाळीवर आदळत आहे. सगळ्या पानावर सारखा पसरलेला, हाताला जेमतेम ओलसर लागणारा दमटपणा म्हणजे थेंब फार बारीक आहेत आणि हवेबरोबर वाहत बाहेर जात आहेत. खोलीतला पंखा चालू असेल तर अशी ओल एकाच बाजूला जास्त आढळते. आणि पानाच्या खालच्या कडेपाशी, पिंजऱ्याच्या चौकटीजवळ ओलाव्याची उभी रेघ असेल तर पाणी जाळीवरून ओघळून चौकटीतून झिरपत आहे. पहिल्या खुणेवर नोझल वळवणे, दुसरीवर थेंब मोठा करणे आणि हवा थांबवणे, तिसरीवर तळाची दुरुस्ती हा उपाय आहे. पडद्याची गरज या सगळ्यानंतर जी ओल उरते तेवढ्यापुरतीच.

तिसऱ्या खुणेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ती सहसा लक्षात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जाळीच्या पिंजऱ्यांची चौकट ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीची असते आणि कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे सांधे ठोकलेले असतात. जाळी ज्या खाचेत रबरी दोरीने दाबून बसवलेली असते त्या खाचेतून पाणी नळीच्या पोकळीत उतरते, आडव्या नळीत साचते आणि तुषार थांबल्यानंतर पुष्कळ वेळाने कोपऱ्याच्या सांध्यातून थेंब-थेंब बाहेर येते. फरशीवर दुपारी दिसणारे ओघळ सकाळच्या पाण्याचे असतात ते असे. यावर सोपा उपाय म्हणजे सर्वांत खालच्या आडव्या नळीला आतल्या बाजूने, पिंजऱ्याखाली ठेवायच्या ट्रेच्या वर येईल अशा जागी, ३ मिलिमीटरच्या बिटाने दोन-तीन छिद्रे पाडणे, म्हणजे साचलेले पाणी बाहेर न जाता ट्रेतच पडेल. छिद्रांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. कॅमेलिऑनची नखे आणि बोटे नाजूक असतात.

तुषार कमी करणे आणि वळवणे

ठिबक सिंचनाच्या साहित्यासाठी खानदेशाइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. केळीच्या आणि नर्सरीच्या निमित्ताने तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत मायक्रो ट्यूब, जोडणीचे तुकडे, फिल्टर, बारीक तुषार उडवणारे फॉगर सहज मिळतात, आणि पुष्कळ जण तेच पिंजऱ्यात वापरतात. त्यात वावगे काही नाही, फक्त प्रवाहाचा हिशोब समजून घ्यावा. रोपवाटिकेत वापरला जाणारा चार तोंडांचा फॉगर पूर्ण दाबावर ताशी साधारण २८ लिटर पाणी सोडतो. म्हणजे मिनिटाला जवळजवळ अर्धा लिटर. शेडनेटच्या गाळ्यात ते ठीक आहे, दोन फुटांच्या पिंजऱ्यात तो पूर आहे. त्याचेच एक तोंड ताशी ७ लिटरचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ११५ मिलिलिटरचे असते. एका पिंजऱ्याला अशी एक किंवा फार तर दोन तोंडे पुरतात.

फॉगरला दाब लागतो. घरावरच्या टाकीचे पाणी तो दाब देऊ शकत नाही, आणि कमी दाबावर फॉगर तुषार न उडवता नुसता गळतो. घरगुती आरओ यंत्रातला २४ व्होल्टचा बूस्टर पंप या कामाला योग्य आहे. १०० जीपीडी (दिवसाला १०० गॅलन) क्षमतेचा पंप मिनिटाला साधारण २६० मिलिलिटर पाणी देतो, त्यामुळे ७ लिटरची दोन तोंडे तो आरामात चालवतो. तिसरे लावले की दाब पडतो, थेंब जाड होतात आणि झोत वाकडा जातो. पंप आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे सुटा मिळतो. घेताना अडॅप्टर त्याच पंपाच्या अँपिअरचा मागून घ्यावा.

नोझलसोबत दाब उतरताच बंद होणारा छोटा व्हॉल्व्ह अवश्य घ्यावा. ठिबकच्या दुकानात त्याला एलपीडी म्हणतात. तो नसेल तर पंप थांबल्यावर नळीत उरलेले पाणी नोझलमधून ठिबकत राहते आणि तेच बहुधा जाळीच्या छतावरून ओघळत भिंतीकडे जाते. अनेकांचा निम्मा त्रास या एका वस्तूने संपतो आणि तिची किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चापलीकडे जात नाही.

नोझल पिंजऱ्याच्या छताला मधोमध लटकवण्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात, जाळीपासून १० ते १५ सेंटिमीटर आत घ्यावे आणि समोरच्या विरुद्ध कोपऱ्याच्या खालच्या भागाकडे तिरके रोखावे. असे केल्याने झोताला पिंजऱ्यातला सर्वांत लांब कर्ण मिळतो आणि जाळीपर्यंत पोहोचण्याआधी त्याचा जोर ओसरतो. झोताच्या वाटेत दाट पानांचे झाड ठेवावे. मनी प्लांट, जास्वंद, छत्रीसारख्या पानांचे शेफ्लेरा ही झाडे आपल्या हवेत टिकतात आणि कॅमेलिऑनला चालतात. व्हेल्ड जातीचा प्राणी तर जास्वंदीची पाने-फुले आवडीने खातो, म्हणून नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध फवारलेले नाही याची खात्री करून, पाने धुऊन आणि काही आठवडे बाहेर ठेवूनच ते आत न्यावे. पान जितके मोठे आणि जाळीपासून जितके आत, तितके पाणी पिंजऱ्यातच राहते.

वेळेची निवड हा बिनखर्चाचा उपाय आहे. पिंजऱ्यावरचे ऊब-उजेडाचे दिवे लागण्यापूर्वी पहाटे दोन-तीन मिनिटे आणि दिवे बंद झाल्यानंतर रात्री पुन्हा तितकेच तुषार सोडावेत. गरम दिव्याच्या काचेवर गार थेंब पडून ती तडकण्याचा धोका त्यामुळे टळतो, आणि हवा तेव्हा तुलनेने गार असल्याने पानांवरचे थेंबही जास्त वेळ टिकतात. तुषार चालू असताना आणि त्यानंतर पाचेक मिनिटे छताचा पंखा बंद ठेवावा. कूलरचा झोत तर पिंजऱ्यावर कधीच नसावा; तो बारीक तुषार थेट पलीकडच्या भिंतीवर नेऊन टाकतो आणि ओल्या प्राण्याला गारठवतो. मात्र कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा मुळातच दमट असते, म्हणून अशा खोलीत तुषारांचा वेळ पुष्कळ कमी करता येतो. आर्द्रतामापक आणून आकडा पाहावा आणि मग ठरवावे. व्हेल्ड जातीला दिवसा ३० ते ५० टक्के आर्द्रता चालते, दिवसभर ओले रान तिला लागत नाही.

दिवसा पिण्यासाठी तुषारांऐवजी ठिबक द्यावे. औषधाच्या दुकानातून नवा, न वापरलेला सलाइनचा सेट आणावा, त्याची सुई काढून टाकावी, स्वच्छ बाटलीला तो जोडून पिंजऱ्यावर टांगावा आणि नळीचे टोक वरच्या मोठ्या पानावर येईल असे ठेवावे. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. चाकी फिरवून दोन सेकंदांना एक थेंब असा वेग धरला तर तासाला ९० मिलिलिटर पाणी पडते. ते पानावरून पानावर उतरत एकाच ओळीत ट्रेत जाते, एक थेंबही जाळीबाहेर जात नाही, आणि हलता थेंब पाहून प्राणी पाणी पितो. उन्हाळ्यात दुपारी तासभर असे ठिबक चालवणे हे दर अर्ध्या तासाने फवारण्यापेक्षा कितीतरी चांगले.

पडदा

आता पडद्याकडे वळू. पडद्याने दोन गोष्टी साधायच्या आहेत: जाळीतून निसटलेले पाणी खाली ट्रेत आणणे आणि हवेला अडथळा न करणे. दिव्याच्या उष्णतेने पिंजऱ्यातली हवा वर चढते आणि छताच्या जाळीतून बाहेर जाते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते. हा प्रवाह चालू ठेवायचा तर छत पूर्ण मोकळे आणि समोरच्या बाजूचा खालचा १५ सेंटिमीटरचा पट्टा मोकळा राहिलाच पाहिजे. मागची बाजू आणि दोन्ही कडा झाकायला हरकत नाही. सगळीकडून बंद केलेल्या, सतत ओल्या आणि कोंदट पिंजऱ्यात कॅमेलिऑनला श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाबरोबर येणारा आवाज ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती दिसली तर सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्यक गाठावा लागतो. आपल्या भागातले बहुतेक दवाखाने गुराढोरांचे असल्याने असा वैद्य कुठे आहे हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

साहित्यासाठी फार हिंडावे लागत नाही. फलक बनवणाऱ्यांकडे सनपॅक नावाची पोकळ नागमोडी प्लॅस्टिकची शीट मिळते. ती हलकी असते, पाण्याने फुगत नाही आणि कटरने सरळ कापता येते. मागच्या बाजूला आणि भिंतीकडच्या कडेला तीच वापरावी. कापताना तिच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असे पाहावे, म्हणजे त्यांत शिरलेले पाणी खाली निघून जाते. नळ्या आडव्या आल्या तर पाणी आतच अडकून हिरवे शेवाळ धरते. सनबोर्डही चालतो, पण तो दिव्याजवळ वाकतो. निवडणुकीनंतर फुकट मिळणारे फ्लेक्स मात्र वापरू नयेत. उष्णतेत त्यांना वास सुटतो आणि त्यांच्यावरची शाई ओलाव्याने सुटू लागते. जेवणाच्या टेबलावर टाकतात ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक उजेड हवा असलेल्या कडेला चांगले, मात्र दिव्यापासून ते दूर ठेवावे. आरशासारखे चकचकीत ॲक्रिलिक जाळीच्या आत बसवू नये, कारण त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले की प्राणी त्याला प्रतिस्पर्धी समजून ताणात राहतो. जाळीच्या बाहेरून लावलेल्या साध्या प्लॅस्टिकमध्ये हा त्रास फारसा होत नाही.

समोरच्या बाजूसाठी माझी पसंती प्लॅस्टिकला नाही, शेडनेटला आहे. नर्सरीत वापरतात ती ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट दुहेरी करून दाराच्या बाहेरून, वरच्या कडेला अडकवून सोडली की मोठे थेंब तिच्या धाग्यांवर अडकतात आणि ओघळत खाली येतात, हवा मात्र आरपार जाते. कोरड्या दिवसांत ओल्या नेटमधून येणारी हवा थोडी गारही लागते. दार उघडायचे असेल तेव्हा नेट वर गुंडाळून चिमट्याने धरावी. तिची कापलेली कड उसवते आणि धागे निघतात, म्हणून ती मेणबत्तीवर हलकेच शेकून घ्यावी. नेट पिंजऱ्याच्या आत कधीही लावू नये. सुट्या धाग्यांत बोट अडकून गाठ बसली तर रक्तप्रवाह थांबतो.

पडदा कसा बसवावा, यावर यश-अपयश अवलंबून आहे. पत्र्याच्या छपरात वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर चढवलेली असते; इथेही तोच नियम पाळावा. शीटची वरची कड जाळीच्या चौकटीला बाहेरून लागून, पण खालची कड पिंजऱ्याखालच्या ट्रेच्या काठाच्या आत उतरलेली हवी. ट्रे पिंजऱ्याइतकाच असेल आणि शीट त्याच्या काठाबाहेर लटकत असेल, तर गोळा झालेले सगळे पाणी नेमके फरशीवर पडेल. असा पडदा लावण्यापेक्षा न लावणे बरे. म्हणून ट्रे पिंजऱ्यापेक्षा प्रत्येक बाजूने ५ सेंटिमीटर मोठा, म्हणजे ७० गुणिले ७० सेंटिमीटरचा घ्यावा. शीट आणि जाळी यांच्यात सेंटिमीटरभर अंतर राहण्यासाठी मध्ये वायरिंगच्या प्लॅस्टिक पट्टीचे तुकडे किंवा बाटल्यांची झाकणे बाहेरून चिकटवावीत. शीट जाळीला चिकटून बसली तर पाणी दोहोंच्या मध्ये पृष्ठताणाने धरून राहते, वाळत नाही आणि तिथे काळी बुरशी येते.

पाण्याला कडेला चिकटून मागे वळण्याची खोड असते. शीटच्या खालच्या कडेशी आलेला थेंब तिथेच न पडता आडवा सरकत कोपऱ्यापर्यंत जातो आणि भलत्याच जागी पडतो. छज्जा बांधताना गवंडी त्याच्या खालच्या बाजूला लांब खाच ठेवतो ती याचसाठी. शीटची खालची २ सेंटिमीटरची कड आतल्या बाजूला, ट्रेकडे झुकेल अशी दुमडावी. सनपॅकच्या बाबतीत बाहेरच्या थराला कटरने हलकी रेघ मारून दुमडले की घडी सरळ येते. ही घडी नसेल तर थेंब कुठे पडेल याचा भरवसा नाही.

शीट बसवायला केबल टाय, चौकटीला लावलेले छोटे नटबोल्ट किंवा मजबूत चिमटे वापरावेत. आतून कोणतीही चिकटपट्टी लावू नये. ओलाव्याने पट्टी सुटते आणि तिच्या चिकट बाजूला प्राण्याची कातडी चिकटली तर ती सोडवताना जखम होते. पडदा दर आठवड्याला काढून पुसता येईल असाच असावा. कायमचा डकवलेला पडदा कुणी साफ करत नाही.

ट्रे आणि निचरा

७० सेंटिमीटर चौरस ट्रे तयार मिळाला तर ठीक, नाहीतर कूलर बनवणाऱ्या कारागिराकडे जावे. जळगाव, धुळे, चोपडा, अमळनेर, कुठेही उन्हाळ्यापूर्वी कूलरचे सांगाडे आणि खालच्या टाक्या वाकवणारे पत्र्याचे कारागीर असतात. त्यांना १० सेंटिमीटर उंच काठाचा, जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा ट्रे सांगावा. कोपरे सोल्डर केलेले किंवा दुमडून रिबिट मारलेले असावेत आणि आतून सिलिकॉन भरलेले असावे. काठाची वरची कड उलटी दुमडून घ्यावी, नाहीतर हात कापतो. ट्रेच्या तळाला आतून रंग देण्याची गरज नाही. रंगाचे पोपडे निघाले तर निचरा तुंबतो.

या ट्रेमध्ये १ सेंटिमीटर पाणी साचले तर ते ४.९ लिटर होते. दोन तोंडे मिळून मिनिटाला २३० मिलिलिटर आणि दिवसाला एकूण ४ मिनिटे धरली तर दिवसाचे पाणी ९२० मिलिलिटर, आणि तासाभराच्या ठिबकाचे ९० मिलिलिटर मिळून लिटरभर होते. यातले काही पाणी झाडे पितात आणि काही वाळून जाते. म्हणजे निचरा तुंबला तरी ट्रे दोन-चार दिवसांत वाहू लागणार नाही. पण साचलेले पाणी पिंजऱ्यात राहू देण्याचे ते कारण होऊ नये.

निचऱ्याचे छिद्र समोरच्या एका कोपऱ्यापाशी ठेवावे, म्हणजे हात पोहोचतो. त्यात स्वयंपाकघरातल्या सिंकला लावतात ते वेस्ट कपलिंग बसवावे. टाकीचा निपलही चालतो, पण त्याचा आतला काठ उंच उरतो आणि तेवढे पाणी ट्रेत कायम साचून राहते. कपलिंग बसवण्याआधी छिद्राभोवतीचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून आतल्या बाजूने हातोडीने हलके ठोकावा, म्हणजे तिथे बशीसारखा खोलगटपणा येऊन कपलिंगचा काठ पत्र्याच्या पातळीखाली बसतो. वॉशरच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावून दिवसभर वाळू द्यावे. ट्रेचा मागचा विरुद्ध कोपरा दीड सेंटिमीटर उचलावा. खाली फरशीचा तुकडा सरकवला की काम होते. पिंजरा मात्र ट्रेमध्ये चार विटांवर किंवा पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यांवर सरळ उभा करावा आणि त्याचा तळ जाळीचाच ठेवावा.

वरून दीड-दोन फुटांवरून पडणारे थेंब नुसत्या पत्र्यावर आपटले की उडतात आणि काठाबाहेर जातात. शिवाय रात्री त्याचा टपटप आवाज येतो. ट्रेच्या तळाशी कूलरच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅडचा जुना, धुतलेला तुकडा किंवा दोन-तीन पदरी शेडनेट अंथरली की दोन्ही थांबते. कपलिंगच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी ठेवावी. खाद्य म्हणून सोडलेल्या रातकिड्यांपैकी काही पाण्यात मरतात आणि पाइप नेमका त्यांनीच तुंबतो.

पाइपाला सलग उतार हवा. मध्ये कुठेही झोळ आला तर तिथे पाणी अडून राहते आणि दुर्गंधी येते. मोरी जवळ असेल तर पाइप तिच्यात सोडावा, पण शेवटी एक वळसा देऊन पाण्याचा अडसर ठेवावा, म्हणजे झुरळे आणि वास वर येत नाहीत. मोरी लांब असेल तर झाकणाची १० लिटरची बादली पुरते. झाकणाला पाइपाच्या मापाचे छिद्र पाडून पाइप घट्ट बसवावा. बादली दोन दिवसांतून एकदा रिकामी करून घासावी. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवड्या-दीड आठवड्याचा काळ पुरतो. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावांत हे पाणी टाकून देणे जिवावर येते. ते बागेतल्या शोभेच्या झाडांना घालता येईल, पण कोथिंबीर, मेथी, पालक अशा कुंड्यांना घालू नये. सरीसृपांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हेच पाणी गाळून परत तुषारांसाठी वापरण्याचा विचार मनातही आणू नये.

वीज आणि भिंत

पंप, टायमर आणि दिव्यांचे प्लग ट्रेच्या काठापेक्षा उंचावर, भिंतीवर बसवलेल्या बोर्डात असावेत. फरशीवर ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड इथे चालणार नाही. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी एकदा खाली लोंबू द्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या वळणावरून खाली पडते, प्लगमध्ये शिरत नाही. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो आधी बसवून घ्यावा. या बाबतीत काटकसर नको.

पिंजरा भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे घ्यावा. जुन्या धाब्याच्या घरात हे अंतर आणखी वाढवावे, कारण मातीच्या भिंतीला एकदा ओल लागली की ती आतून उकलते आणि वरचा गिलावा फुगून सुटतो. तिथे पिंजरा बाहेरच्या भिंतीला न लावता खोलीच्या मधल्या भागात खांबाशेजारी ठेवणे उत्तम. भिंतीला ऑइलपेंटचा पट्टा मारणे हा तात्पुरता इलाज आहे. ओल रंगाच्या मागे अडकते आणि नुकसान उशिरा दिसते.

ऋतूनुसार बदल

एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मागची आणि दोन्ही कडांची शीट ठेवावी, समोर नेट. मात्र पिंजऱ्यात वर आणि खाली असे दोन तापमापक लावून पाहावे. खोलीच ३५ अंशांवर असेल तर ऊन देणारा बास्किंग दिवा लावण्याचे कारण उरत नाही, आणि तरीही वरचा तापमापक चढत असेल तर एका कडेची शीट काढावी. भिंत ओली होणे परवडते.

पाऊस लागला की चित्र उलटे होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच दमट असल्याने सकाळचे पाणी संध्याकाळपर्यंत वाळत नाही. तेव्हा मागची शीट तेवढी ठेवून कडा मोकळ्या कराव्यात, तुषार निम्म्यावर आणावेत आणि पाने पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी फेरी सोडू नये. हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रात्री पारा दहाच्या खाली जातो; त्या दिवसांत रात्रीचे तुषार बंद ठेवून सकाळी खोली उबदार झाल्यावर, पण दिवे लावण्याआधी कोमट नसलेले, खोलीच्या तापमानाचे पाणी द्यावे.

क्षाराचे पाणी

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते पानांवर आणि प्लॅस्टिकवर पांढरे डाग सोडतात आणि नोझलचे छिद्र अर्धवट बुजवतात. बुजलेल्या नोझलचा झोत एका बाजूला फाकतो आणि इतके दिवस कोरडी असलेली भिंत अचानक भिजू लागते, तेव्हा दोष पडद्यात शोधू नये. तुषारांसाठी आरओचे शुद्ध पाणी वापरावे. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी वापरू नये, कारण सगळे क्षार त्यातच साठलेले असतात. पंपाच्या आधी ठिबकचा छोटा जाळीचा फिल्टर लावावा आणि पाण्याची टाकी झाकलेली ठेवून आठवड्यातून एकदा घासावी. महिन्यातून एकदा नोझल काढून लिंबूफुलाच्या पाण्यात, एका ग्लासाला चमचाभर या प्रमाणात, तासभर भिजत ठेवावे, जुन्या दात घासायच्या ब्रशने पुसावे आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. सुई किंवा तार घालून छिद्र मोकळे करू नये. छिद्र रुंदावते आणि प्रवाह वाढतो. नोझल परत लावल्यावर एक मिनिट त्याचे पाणी मापाच्या भांड्यात धरावे, आणि पूर्वीपेक्षा जास्त भरले तर तेवढ्या प्रमाणात टायमरची मिनिटे कमी करावीत किंवा नोझलच बदलावे.